ठमीची गोधडी गिअरमध्ये अडकली

एक होती चिचुंद्री. तिचं नाव ठमी.

ठमीचं नाक लांब. शेपूट लांब. आणि राग? राग नाकाच्या शेंड्यावर.

ठमीला चार पिल्लं. तीन शहाणी. चौथा गुंडू.

गुंडूला झोपायला गोधडी लागायची. पिवळी गोधडी. निळी दिली, नको. लाल दिली, नको. पिवळीच हवी. आपल्याकडेही असं कुणीतरी आहे. मी नाव घेत नाही.

एकदा काय झालं, गुंडूनं गोधडी ओली केली. कशी केली, ते विचारू नका. ठमीनं गोधडी धुतली. चुबुक चुबुक धुतली. पिळली. झटकली. आता वाळत कुठे घालायची?

परसात शकूआत्याची सायकल होती. जुनी सायकल. शर्यतीची. तिच्या मागच्या चाकाला सात ताटल्यांचा गिअर. मोठी ताटली, मग लहान, मग आणखी लहान.

शकूआत्या रोज म्हणायची, "हा गिअर काढायचाय. सात सात ताटल्या काय करायच्या? मी चालवते ती मधल्या एकीवर. तेवढी एकच चकती बसवायची. पाय फिरला की चाक फिरलं. चाक फिरलं की पाय फिरला. सुटसुटीत काम."

रोज म्हणायची. आणि रोज त्या सायकलवर टॉवेल वाळत घालायची.

ठमीला वाटलं, आत्याचा टॉवेल वाळतो, तर माझी गोधडी का नाही वाळणार? तिनं गोधडी मागच्या चाकावर टाकली.

वारा आला. सूं सूं. चाक हललं. गर्रर्र. गोधडी घसरली. खचाक.

गेली गिअरच्या मागे. बसली अडकून.

ठमीनं ओढली. येईना. पाय रोवून ओढली. येईना. दातात धरून ओढली. छे, येतेय कुठली. एक पिवळा दोरा तेवढा बाहेर लोंबत राहिला.

बिळातून आवाज आला, "आईऽऽ, गोधडीऽऽ."

"आणते," ठमी म्हणाली. "आत्ता आणते."

आत्ता म्हणे. ऐका पुढे.

ठमी गेली गिअरकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

"गिअरराव, गिअरराव, गोधडी सोडा.
गोधडी मिळत नाही,
गुंडू झोपत नाही,
मी करू तरी काय?"

गिअरनं सात ताटल्या चमकवल्या. तो म्हणाला, "माझी काही ना नाही. पण आधी चाक निघू दे. मग मी सोडतो."

बरं. चाक तर चाक. ठमी गेली चाकाकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

"चाकमामा, चाकमामा, तुम्ही निघा.
गिअर सोडत नाही,
गोधडी मिळत नाही,
गुंडू झोपत नाही,
मी करू तरी काय?"

चाकमामा आरामात भिंतीला टेकला होता. तो म्हणाला, "माझी काही ना नाही. पण आधी नट सुटू दे. मग मी निघतो."

ठमी म्हणाली, "बरं." जरा जोरात म्हणाली.

चाकाच्या मधोमध बसला होता नट. गोल. जाडा. गंजून लाल झालेला. ठमी गेली नटाकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

"नटूशेठ, नटूशेठ, तुम्ही सुटा.
चाक निघत नाही,
गिअर सोडत नाही,
गोधडी मिळत नाही,
गुंडू झोपत नाही,
मी करू तरी काय?"

नटूशेठ जागचा हलला नाही. पाऊस येवो, ऊन येवो, तो कधी हललाच नव्हता. तो म्हणाला, "माझी काही ना नाही. पण आधी पाना फिरू दे. मग मी सुटतो."

"कुणाचीच काही ना नाही," ठमी पुटपुटली. "मग अडलंय कुठे?"

पाना होता बिस्किटाच्या डब्यात. खिळ्यांच्या गर्दीत झोपलेला. ठमी डब्यावर चढली. डबा वाजला. ढण्. पाना जागा झाला.

"पानेबुवा, पानेबुवा, तुम्ही फिरा.
नट सुटत नाही,
चाक निघत नाही,
गिअर सोडत नाही,
गोधडी मिळत नाही,
गुंडू झोपत नाही,
मी करू तरी काय?"

पानेबुवानं जांभई दिली. हा एवढा मोठा जबडा. तो म्हणाला, "माझी काही ना नाही. पण नट आहे गंजलेला. माझा जबडा दुखेल. आधी तेल पडू दे. मग मी फिरतो."

बिळातून आवाज आला, "आईऽऽ, गोधडीऽऽ."

"आणते म्हटलं ना," ठमी म्हणाली.

तेल होतं खिडकीत. लांब चोचीच्या कुपीत. ठमी वेलीवरून वर चढली. लुटुलुटु, लुटुलुटु. एकदा घसरली. परत चढली. दम लागला बिचारीला.

"तेलताई, तेलताई, तुम्ही पडा.
पाना फिरत नाही,
नट सुटत नाही,
चाक निघत नाही,
गिअर सोडत नाही,
गोधडी मिळत नाही,
गुंडू झोपत नाही,
मी करू तरी काय?"

तेलताई कुपीतल्या कुपीत डुचमळली. डुबुक डुबुक. ती म्हणाली, "माझी काही ना नाही. पण मला का हात आहेत? आधी आत्या उठू दे. मग मी पडते."

ठमी खाली आली. शेपूट आपटत आली. सपक सपक.

शकूआत्या होती झोपाळ्यावर. करकर झोपाळा. करकर झोपाळा. हातात भाजलेले शेंगदाणे. तोंड चालू, पाय हलते, बाकी सगळी आत्या जागच्या जागी.

ठमी झोपाळ्याखाली उभी राहिली. झोपाळा पुढे गेला की ठमी पुढे. झोपाळा मागे आला की ठमी मागे. असं बोलणं म्हणजे डोक्याला ताप. तरी बोलली.

"शकूआत्या, शकूआत्या, तुम्ही उठा.
तेल पडत नाही,
पाना फिरत नाही,
नट सुटत नाही,
चाक निघत नाही,
गिअर सोडत नाही,
गोधडी मिळत नाही,
गुंडू झोपत नाही,
मी करू तरी काय?"

शकूआत्या म्हणाली, "अगं ठमे, माझी काही ना नाही. पण सगळं खोलून ठेवलं आणि चकतीच मिळाली नाही, तर? सायकल राहील अर्धवट. आधी चकती येऊ दे. मग मी उठते."

"चकती कुठे आहे?"

"नबीचाचांच्या दुकानात."

"मग तुम्ही आणली का नाही?"

शकूआत्यानं एक शेंगदाणा तोंडात टाकला. "आणायचीच आहे," ती म्हणाली.

ठमीनं दात आवळले. चिचुंद्रीचे दात केवढेसे. पण तिनं ते आवळले.

नबीचाचांचं दुकान गल्लीच्या वरच्या टोकाला. चढ होता. ठमी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. थांबली. दम घेतला. लुटुलुटु, लुटुलुटु. मांजर दिसलं. गटारीत लपली. मांजर गेलं. बाहेर आली. लुटुलुटु, लुटुलुटु.

नबीचाचा पंक्चर काढत होते. ट्यूब पाण्यात दाबत होते. बुडबुड, बुडबुड. त्यांच्या मागे भिंतीवर चकत्याच चकत्या. लहान चकत्या. मोठ्या चकत्या. सगळ्यांना दातच दात.

"नबीचाचा, नबीचाचा, चकती द्या.
आत्या उठत नाही,
तेल पडत नाही,
पाना फिरत नाही,
नट सुटत नाही,
चाक निघत नाही,
गिअर सोडत नाही,
गोधडी मिळत नाही,
गुंडू झोपत नाही,
मी करू तरी काय?"

नबीचाचा मोठे गोड माणूस. त्यांनी हात पुसले. खाली वाकले. म्हणाले, "बेटा, माझी काही ना नाही. पण आत्यांना हवी मधल्या ताटलीएवढी चकती. ती ताटली केवढी? बघितल्याशिवाय मी कुठली देऊ? आधी गिअर येऊ दे. मग मी देतो."

ठमीनं कान टवकारले.

"काय येऊ दे?" तिनं विचारलं.

"गिअर," नबीचाचा म्हणाले.

गिअर. म्हणजे पुन्हा गिअर. जिथून निघाली तिथंच की.

गिअर म्हणतो, आधी चाक. चाक म्हणतं, आधी नट. नट म्हणतो, आधी पाना. पाना म्हणतो, आधी तेल. तेल म्हणतं, आधी आत्या. आत्या म्हणते, आधी चकती. आणि चाचा म्हणतात, आधी गिअर.

ठमी रस्त्यात बसली. मटकन बसली. तिनं कपाळाला हात लावला.

तिला फार राग आला. आणि रागाच्या मागून रडू आलं. सगळे तयार. सगळे गोड बोलतात. आणि काम तेवढं कुणी करत नाही. ऊन उतरायला लागलं होतं. गुंडू रडून रडून लाल झाला असेल. बाकीची तिघंही जागीच असतील.

खालून अगदी बारीक आवाज आला, "आईऽऽ, गोधडीऽऽ."

ठमीनं नाक पुसलं. उठली. "ठीक आहे," ती म्हणाली. "कुणीच आधी नाही ना? मग मी आधी."

आणि निघाली परत. लुटुलुटु नाही हं. धपाधप, धपाधप.

आता ठमीचं बीळ होतं झोपाळ्याखाली. घरातलं सगळं तिच्या कानावर पडायचं. मागे शकूआत्यानं भाचीसाठी बांगड्या पाठवल्या होत्या. भाची लांबच्या गावी. तिनं मापासाठी काय पाठवलं? हात पाठवला? छे. हाताएवढा दोरा पाठवला. त्या दोऱ्यावरून बांगड्या घेतल्या. बरोब्बर बसल्या.

ते ठमीला आठवलं होतं. हात नाही, दोरा. मग गिअर तरी कशाला? दोरा पुरे.

ठमी सायकलशी आली.

गिअरनं विचारलं, "निघालं का चाक?" ठमी बोलली नाही.

चाकमामानं विचारलं, "सुटला का नट?" ठमी बोलली नाही.

नटूशेठनं विचारलं, "फिरला का पाना?" ठमीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो गप्प बसला.

पिवळा दोरा लोंबत होता. गोधडीच्या काठाचा दोरा. हा काठ ठमीनंच घातला होता. टाका टाका करून घातला होता. गुंडू हाच काठ चोखत झोपायचा. दोरा तोडला की काठ उसवणार. न तोडावा तर गोधडीच नाही.

ठमीला वाईट वाटलं. तिनं डोळे मिटले. आणि दातानं तोडला. कट.

मधल्या ताटलीभोवती तिनं दोरा फिरवला. दातांवरून, दातांवरून, दातांवरून. टोकाला टोक भिडलं. तिथं गाठ मारली. घट्ट. झालं माप.

दोरा गळ्यात घातला. आणि पळत सुटली चढावर. लुटुलुटु, लुटुलुटु, लुटुलुटु, लुटुलुटु.

"हे घ्या," ती नबीचाचांना म्हणाली. "मधली ताटली."

नबीचाचांनी दोरा घेतला. एका चकतीला लावला. सैल. दुसरीला लावला. घट्ट. तिसरीला लावला. अगदी बरोब्बर.

"वा," नबीचाचा म्हणाले. "आता माझी काही ना नाही. पण..."

ठमीनं मान वर केली.

"पण काही नाही," नबीचाचा म्हणाले. आणि चकती काढून दिली.

चकती ठमीपेक्षा मोठी. उचलेना. मग ठमीनं ती उभी केली. मुलं टायर पळवतात ना, तशी पळवली. उतारावरून चकती निघाली. खणखण, खणखण. मागून ठमी. लुटुलुटु, लुटुलुटु. मांजर आडवं आलं. चकती बघितली आणि उडी मारून भिंतीवर गेलं.

चकती परसात आली. झोपाळ्याला आपटली. ठण्ण.

आता बघा.

चकती आली, आत्या उठली. शेंगदाण्याची सालं झटकत उठली. "आणलीस की गं," ती म्हणाली. आता तिला काही सबबच उरली नाही.

आत्या उठली, तेल पडलं. टुपुक टुपुक.

तेल पडलं, पाना फिरला. कर्रर्र, कर्रर्र.

पाना फिरला, नट सुटला. टण्.

नट सुटला, चाक निघालं. सुळ्ळकन.

चाक निघालं. आत्यानं जोर लावला. गिअर गर्रकन फिरला आणि सुटला. त्यानं गोधडी सोडली.

गोधडी पडली ठमीच्या पुढ्यात. चुरगळलेली. एका कोपऱ्याला काळं तेल. काठ उसवलेला.

ठमी ती ओढत बिळात गेली. गुंडूनं गोधडी हातात घेतली. नाकाला लावली. तेलाचा कोपरा हुंगला. उसवलेला काठ बघितला.

ठमीनं श्वास रोखला. आता हा नको म्हणाला तर? तर काय, सांगा. तिच्यात आता काही उरलं नव्हतं.

गुंडूनं काठ तोंडात घातला. थोडा चोखला. "हीच," तो म्हणाला.

ठमी भिंतीला टेकून खाली बसली. दिवसभरात पहिल्यांदाच निवांत बसली.

बाहेर शकूआत्या काम करत होती. एकदा हात लागला की मग ती थांबायची नाही. तिनं चकती बसवली. चाक बसवलं. चेन लांब झाली होती, ती आखूड केली. पुढचा ब्रेक तेवढा राहू दिला. आणि बसली सायकलवर.

पाय फिरला, चाक फिरलं. चाक फिरलं, पाय फिरला. सगळे एकदम. गरगर, गरगर. आता कुणालाच "आधी तू" म्हणता येईना.

शकूआत्या खूश झाली. गल्लीच्या वरच्या टोकाला गेली. वळली. उतार लागला.

उतारावर शकूआत्या पाय थांबवायची. जुनी सवय तिची. गिअरवाली सायकल आपोआप जायची, आणि आत्या वर आरामात बसायची. तिनं पाय थांबवले.

पॅडल थांबेना. पाय फिरतच राहिले. गरगर, गरगर, गरगर.

"अरे पॅडला, थांब जरा," आत्या म्हणाली.

पॅडल म्हणाला, "माझी काही ना नाही. पण आधी चाक थांबू दे. मग मी थांबतो."

"चाकमामा, तू थांब."

चाकमामा म्हणाला, "माझी काही ना नाही. पण आधी पॅडल थांबू दे. मग मी थांबतो."

सायकल परसाच्या दारावरून गेली. झोपाळ्यावरून उठायला तयार नसलेली शकूआत्या गरगर पाय मारत गेली. केस विस्कटलेले. डोळे हे एवढे. ठमीनं बिळातून बघितलं. तिला हसायचं नव्हतं. पण ती हसली. पोट धरून हसली.

मग आत्याला ब्रेक आठवला. तिनं दाबला. ब्रेक काही बोलला नाही. नुसता लागला. थांबली सायकल.

शकूआत्या खाली उतरली. पाय लटलटत होते. ती सायकल हातात धरून परत आली आणि बिळाशी वाकून म्हणाली, "ठमे, चुकलंच माझं. आधी उठायला हवं होतं."

"माझी काही ना नाही," ठमी म्हणाली.

दिवे लागले. तीन पिल्लं झोपली. शहाणीच ती. गुंडू गोधडीत शिरला. काठ तोंडात. डोळे मात्र उघडे. टकटक.

ठमी म्हणाली, "गुंडू, गोधडी मिळाली ना? आता झोप."

गुंडू म्हणाला, "माझी काही ना नाही. पण आधी गोष्ट सांग. मग मी झोपतो."

ठमीनं कपाळाला हात लावला. मग त्याच्याजवळ आडवी झाली. आणि सांगायला लागली, "एक होती चिचुंद्री. तिचं नाव ठमी."

चकती बसली, चेन लागली,
सांगता सांगता आई दमली.

चला, मिटा डोळे. आणि खबरदार, कुणी "पण आधी" म्हणालं तर.